शाईचा पूल

...आणि वर मलाच विचारते, "अहो, सहलीला निघालोय आपण, तुमचं तोंड असं का झालंय?" आता काय सांगायचं या बाईला? अकरा दिवसांची सहल, पहिले तीन दिवस मोठं शहर, मग आठ दिवस खेडोपाडी, गाडी मेव्हण्याची, चालवणारही मेव्हणाच, बॅगा भरून दाराशी उभ्या, आणि मी आपला खुर्चीतून हलत नाहीये. तुम्हाला सांगतो, लोकांना सहलीची काळजी म्हणजे काय असते, तर पाऊस येईल का, पोट बिघडेल का, उतरू तिथे गरम पाणी असेल का. मला यातली एकही नव्हती. माझी काळजी एकच होती, आणि ती मी सव्वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. काळ्या शाईनं.

थांबा, असं नाही कळायचं. मुळापासून सांगतो.

मी आरेखक. म्हणजे नकाशे काढणारा. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण अख्खी नोकरी एका उंच स्टुलावर, तिरक्या टेबलापुढे, मान वाकडी करून काढली. आमच्या खात्यानं राज्याचा मोठा नकाशा केला, बत्तीस तुकड्यांत. त्यातला सतरा नंबरचा तुकडा माझा. त्या तुकड्यात एक नदी आहे, आणि नदीपलीकडे एक गाव, आणि त्या गावात ही, म्हणजे आमची ही, आठ वर्षांची होईपर्यंत राहिली. हिची आई तिथल्या दवाखान्यात नर्स होती. पूल नव्हता, नावेनं ये-जा. एकदा ऐन मध्यावर नाव कलंडली आणि ही पाण्यात! नावाड्यानं केसांना धरून वर ओढली म्हणून माझं लग्न झालं, नाहीतर झालं नसतं... असं ही म्हणते, मी नाही. पण त्या दिवसापासून हिनं नावेचं नाव टाकलं. पुस्तकात नावेचं चित्र आलं तरी पान उलटते. पुढे आईची बदली झाली, आणि ते गाव हिच्यासाठी पलीकडे राहिलं ते राहिलंच.

लग्नानंतर रोज त्या गावच्या गोष्टी. दवाखान्यामागे म्हणे एक ओटा होता, त्यावर ही औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची शाळा भरवायची. पंचवीस बाटल्या. हजेरी घ्यायची, उशिरा आलेल्या बाटलीला बाहेर उभी करायची. सांगताना हिचा चेहरा असा काही व्हायचा, की वाटायचं, हिला एकदा तिकडे नेलंच पाहिजे. पण नेणार कसं? नाव म्हटलं की हिची बोबडी वळते.

आणि एक दिवस कचेरीत कागद आला. नियोजित पूल! त्याच गावाला! मी घरी येऊन सांगितलं, तर ही रडली हो. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता मी चालत जाईन." दुसऱ्या दिवशी मी टेबलावर बसलो. आमच्यात नियम साधा आहे, लहान मुलालाही कळेल असा. जे झालंय त्याची सलग रेघ. जे व्हायचंय त्याचे ठिपके. मी निब शाईत बुडवली, ठिपके काढणार, तेवढ्यात पुलाचे इंजिनियर साहेब टेबलाशी आले. "ठिपके कशाला काढताय? पुढच्या महिन्यात काम सुरू. तुमचा नकाशा छापून येईल तेव्हा पुलावरून गाड्या पळत असतील." म्हटलं, खरंच की. आज ठिपके काढा, उद्या ब्लेडनं खरवडा, कागद पातळ करा, पुन्हा शाई भरा... नसता उपद्व्याप. ही झाली कचेरीत सांगायची गोष्ट. खरी गोष्ट अशी, की हिचा चेहरा डोळ्यांपुढे होता आणि माझा हात ठिपके काढायला धजेना. काढली सलग रेघ. दोन रेघा, टोकं जराशी फाकवलेली, पूल काढतात तसा. आयुष्यात शेकडो पूल काढले, पण तुम्हाला सांगतो, इतका देखणा एकही नाही.

नकाशा छापला गेला. पूल झाला नाही.

इंजिनियर साहेबांची बदली झाली, नवे आले, त्यांनी तो पूल उचलून दुसऱ्याच कुणाच्या तरी सासुरवाडीला नेऊन ठेवला. आणि मी? मी मूग गिळून बसलो. म्हटलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. पुढची आवृत्ती कशावरून काढतात? मागच्या आवृत्तीवरून! मग कॉम्प्युटर आले, नवीन पोरं आली, त्यांनी माझा सतरा नंबर उचलला आणि तसाच्या तसा मशीनच्या घशात घातला, मशीनमधून तो मोबाइलमध्ये गेला, आणि आता माझी ती रेघ तुमच्या-आमच्या खिशात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मूठ झाकायला जागाच उरली नाही.

आणि घरी काय? घरी हिनं तो सतरा नंबरचा तुकडा काचेत मढवून हॉलमध्ये लावला. घड्याळाच्या वर. पाहुणा आला की आधी पाणी, मग नकाशा. "हा पूल आहे ना, हा यांनी काढलाय." पुलाचं चित्र नव्हे हं. पूल! जसं काही मीच डोक्यावर दगड वाहिले. आणि पाहुणा निघून गेला की माझ्याकडे बघून, "एकदा जाऊ या हो त्याच्यावरून." सव्वीस वर्षं मी टोलवलं. रजा मिळत नाही, मुलाची परीक्षा आहे, गुडघा धरलाय. मग निवृत्त झालो. रजेची सबब संपली, मुलगा नोकरीला लागला, आणि गुडघा मेला सुधारला.

झालं. एका रविवारी हिनं नकाशा भिंतीवरून काढला, काचेसकट जेवणाच्या टेबलावर आडवा टाकला, आणि भावाला बोलावलं. हा माझा मेव्हणा म्हणजे स्वतःला सर्वज्ञ समजतो. आमच्या गल्लीच्या पुढे गेला तर रस्ता चुकतो, पण बोलायला बसला की सगळं राज्य त्याच्या तळहातावर. म्हणाला, "दाजी, काही काळजी करू नका. पहिले तीन दिवस मोठं शहर, मग डोंगराच्या बाजूनं खाली, तलाव, जंगल, आणि शेवटी हा तुमचा पूल ओलांडून ताईचं गाव. चहा पिऊन परत."

मी म्हटलं, शहराला तीन दिवस कमी पडतील. वस्तुसंग्रहालय आहे, बंदर आहे, ती उंच इमारत आहे, नऊ दिवस तरी हवेत. ही म्हणाली, "नऊ दिवस इमारतीकडे बघत बसणार?" मी म्हटलं, खेड्यातले रस्ते खराब आहेत. मेव्हणा म्हणाला, "दाजी, नवे टायर टाकलेत." मी म्हटलं, माझ्या कमरेत काहीतरी भरलंय. हिनं उशी शिवली. कमरेसाठी! दोन तासांत! शेवटी हळूच म्हटलं, पूल जुना झाला असेल गं, सव्वीस वर्षं झाली, बंदही असेल, काय भरवसा... तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी स्वतःच्या मुलावर संशय घेतोय. आणि ही म्हणाली, "तुमच्या नकाशात आहे ना? मग झालं तर."

या वाक्यानं माझा जीव घेतला, तुम्हाला सांगतो. आमच्या उतरायच्या खोल्या ठरवून देणाऱ्या प्रवास कंपनीच्या माणसाला मी गुपचूप जाऊन भेटलो. म्हटलं, आमच्या घरी फोन करून एवढंच सांगा, तो रस्ता बंद आहे. त्यानं कॉम्प्युटरवर बोटं नाचवली आणि खुशीत म्हणाला, "छे हो काका, मस्त मोकळा रस्ता दिसतोय. हा बघा पूल. नकाशात आहे ना, मग झालं तर." माझीच रेघ मलाच दाखवतोय! मी म्हटलं, अहो, पण कुणी पाहिलाय का तो? "काका, मी पाहिलेल्या ठिकाणांवर धंदा केला असता तर दुकान कधीच बंद झालं असतं."

मग निघालो. न निघून सांगतो कुणाला.

मोठं शहर. सातव्या मजल्यावर खोली, खिडकीतून खाली गाड्यांची रांग, वर काचेच्या इमारती, ही खिडकीतून हलेना. मलाही जरा बरं वाटलं. म्हटलं, इथे नदी नाही, पूल आहेत ते खरे आहेत, तीन दिवस तरी श्वास घेऊ. तर दुसऱ्याच दिवशी हिनं फर्मान काढलं, की आपल्याला तुमच्या खात्याचं मुख्य कार्यालय बघायचंय. बघा म्हणजे. सहलीला आलेली बाई नवऱ्याचं कार्यालय बघते! आत शिरलो तर दर्शनी भिंतीवर काय? बत्तीसच्या बत्तीस तुकडे मोठे करून जोडलेले, छतापासून जमिनीपर्यंत राज्याचा नकाशा. घरच्या काचेत माझा पूल जिऱ्याएवढा आहे. तिथे तो बोटाएवढा होता! ही त्याच्यासमोर उभी राहिली, मेव्हण्याकडून फोटो काढून घेतला, मलाही ओढून शेजारी उभं केलं. त्या फोटोत माझ्याकडे बघाल तर म्हणाल, याला पकडून आणलंय.

ती दोघं पाणी प्यायला गेली तसा मी चौकशीच्या खिडकीशी गेलो. आत एक कारकून बाई. म्हटलं, बाई, हा सतरा नंबरमधला पूल... तिथे पूल आहे का हो? मनात आशा, बघा. सव्वीस वर्षांत कुणीतरी बांधला असेल, सरकारला सुचलं असेल, काही सांगता येत नाही. बाईंनी ड्रॉवर ओढला, नकाशा काढला, चष्मा वर केला. "आहे की."

म्हटलं, नकाशात नव्हे. प्रत्यक्षात.

"प्रत्यक्षात म्हणजे?"

म्हणजे तिथे. नदीवर.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे. "काका, नकाशात आहे ना? मग झालं तर. पुढचे कोण?"

मग खेडी सुरू झाली. तुम्हाला सांगतो, काय सुंदर मुलूख आहे, म्हणजे असावा, मी काही बघितला नाही. ही म्हणायची, "अहो, तो तलाव बघा", मी बघायचो मैलाचे दगड. नव्वद. साठ. चाळीस. पेट्रोल भरायला थांबलो की मी उतरून तिथल्या माणसाला हळूच विचारायचो, पुढे नदीवर पूल आहे ना हो? पहिला म्हणाला, असेल. दुसरा म्हणाला, मी त्या बाजूला जात नाही. तिसरा नुसता हसला. त्या हसण्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सांगावं का हिला आत्ताच? पण सव्वीस वर्षांचं खोटं सांगायला सुरुवात कुठून करायची? आणि शेजारी ही झोपलीय, सकाळी घालायची नवी साडी खुर्चीवर काढून ठेवलीय. पुलावरून चालायची साडी. मग तोंड उघडवत नाही हो.

दहावा दिवस. सकाळ. मोबाइलमधली बाई बोलतेय, चारशे मीटर सरळ जा. तीनशे मीटर सरळ जा. मेव्हणा शीळ घालतोय. आणि डांबर संपलं. मग खडी संपली. मग जमीनच संपली. मेव्हण्यानं करकचून ब्रेक मारला. पुढे नदी. रुंद, संथ, ऊन पडलेली. आणि मोबाइलमधली बाई म्हणतेय, सरळ जा.

काठावर एक बाक होतं, बाकावर नावाडी बसलेला. तो उठून आला, काचेत वाकला. "पूल शोधताय ना? या, बसा. तुमच्यासारख्यांसाठीच हे बाक टाकलंय. आठवड्याला दोन-तीन गाड्या येतात. उतरतात, नदीकडे बघतात, मोबाइलकडे बघतात, पुन्हा नदीकडे बघतात."

हिनं विचारलं, "पूल पडला का?"

"पडायला आधी उभा लागतो, बाई."

आणि तो सांगू लागला. तुम्हाला सांगतो, त्याचा एकेक शब्द मला जमिनीत गाडत होता. सव्वीस वर्षं गाव अर्ज करतंय, आम्हाला पूल द्या. दर वेळी उत्तर एकच, आपल्याकडे पूल आहे, नकाशा पाहावा, दुसरा देता येत नाही. एका वर्षी तर पुलाला रंग द्यायला माणसं आली! डबे, ब्रश, शिड्या घेऊन. दोन दिवस या बाकावर बसली, शेवटी नावेनं पलीकडे जाऊन दवाखान्याला रंग देऊन गेली, डबे परत कसे न्यायचे म्हणून. मेव्हणा खो खो हसला. मग नावाडी म्हणाला, "हसायचं काय. गेल्या पुरात आठ दिवस डॉक्टर इकडे आणि आजारी तिकडे. माझी भावजय गेली त्यात." मग कुणी हसलं नाही.

"कुणा गाढवानं तो नकाशा काढलाय, देवालाच ठाऊक," नावाडी म्हणाला.

ही म्हणाली, "मलाही ठाऊक आहे."

आणि माझ्याकडे वळली. मी सांगितलं. सगळं. ठिपके, रेघ, इंजिनियर साहेब, ब्लेड... आणि शेवटी तेही, की तुझा चेहरा डोळ्यांपुढे होता. वाटलं, निदान त्यानं तरी विरघळेल. कसली विरघळते! म्हणाली, "माझ्या चेहऱ्यासाठी यांची माणसं गेली?" 

मग ती नावेकडे चालू लागली. ही! जी चित्रातली नाव बघत नाही ती! नवी साडी वर खोचली, नावाड्याचा हात धरला, आत जाऊन बसली, फळी दोन्ही हातांनी घट्ट आवळली, डोळे गच्च मिटले. मी धावत गेलो, म्हटलं, अगं थांब, मी पण येतो. डोळे न उघडता म्हणाली, "तुम्ही या मागून. पुलावरून."

नाव निघाली. मी काठावर उभा. पोहता मला येत नाही, ओरडावं तर ती दचकेल, मेव्हणा तेवढा "ताई, ताई" करत पाण्यात गुडघाभर शिरून परत आला. ऐन मध्यावर नाव जराशी हलली आणि मी काठावरून नुसता हात पुढे केला. तेव्हा कळलं हो, माझा तो देखणा पूल बरोब्बर तिथेच होता, जिथे मी कुणालाच हात देऊ शकत नव्हतो.

संध्याकाळी परत आली. एकटी नाही. नावभर माणसं घेऊन! म्हातारे, बायका, हल्लीची नर्स, सगळे. म्हटलं, आता मार बसतो, आणि बसायलाच हवा. मी बाकाला धरून उभा. तर कुणी हात उगारला नाही. नर्स बाईंनी पुढे होऊन कागद-पेन दिलं. "लिहून द्या." ही मागून म्हणाली, "लिहा. 'हा नकाशा मी काढला. हा पूल मी खोटा दाखवला. इथे पूल नाही, कधीही नव्हता.' खाली पूर्ण सही." मी मांडीवर कागद घेऊन लिहिलं. अक्षर सुरेख आलं, सवय जाते होय. परतीच्या वाटेवर शंभरेक किलोमीटर मागे पडले. मग ही एकदम म्हणाली, "ओटा बघितला. केवढासा होता."

तर आमची सहल अकरा दिवसांत संपली. मी लिहून दिलेला तो अर्ज मात्र अजून फिरतोय! त्या गावातून निघाला, जिल्ह्याच्या कचेरीत दोन महिने उतरला, मग मोठ्या शहरात आला, मुख्य कार्यालयात पाच मजले हिंडला, पुन्हा खेड्याकडे गेला, पुन्हा शहरात. आम्हाला तलाव एकच दिसला, त्यानं सगळं राज्य पाहिलं. चौदा महिने झाले. आणि गेल्या सोमवारी घरी लिफाफा. ही शेजारी उभी. भिंतीवर आता घड्याळाच्या वर नुसता चौकोनी पांढरा डाग आहे. मी मोठ्यानं वाचलं, "आपला अर्ज पाहिला. अर्जदारानं जागेवर जाऊन पाहणी केल्याचा पुरावा आढळत नाही. सदर पूल अस्तित्वात नसल्याबाबत, सदर पुलाच्या मध्यभागी उभे राहून काढलेला आपला फोटो एक महिन्यात जोडावा. अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल."

मी म्हटलं, बघितलंस? आता यांच्यापुढे डोकं फोडायचं का? पुलाच्या मध्यभागी म्हणजे नदीच्या मध्यभागी! नावेत बसून काढला तर म्हणतील, हा नावेतला फोटो, पुलाचा कुठाय. मी चिडलो, पत्र टेबलावर आपटलं, म्हटलं, मी काय करू सांग. ही शांतपणे म्हणाली, "त्या गावानं सव्वीस वर्षं काय केलं? तुम्हाला एक महिना आहे."

आणि आता तुम्ही विचाराल, रोज पहाटे सहा वाजता, या वयात, तरण तलावाच्या उथळ टोकाला, पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत, पोटाला रबरी टायर बांधून मी काय करतोय... पोहायला शिकतोय.